सगळ्यांचा श्वास वीस

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात सकाळी साडेआठच्या सुमारास फिनाईलचा वास अजून ओला असतो. फरशी पुसून झालेल्या मावशी व्हरांड्यात चहाला टेकलेल्या असतात, रात्रीची सिस्टर हँडओव्हर देऊन पर्स शोधत असते आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या माझ्या विद्यार्थिनी नव्या कडक गणवेशांत एका हातात टीपीआरची, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींची वही आणि दुसऱ्या हातात थर्मामीटरचा ट्रे घेऊन खाटांच्या ओळींतून फिरत असतात. गेल्या आषाढातल्या अशाच एका सकाळी मी त्यांतल्या एकीची वही तपासायला घेतली. तापमानाचे आकडे खाटेगणिक बदलत होते, नाडीच्या रकान्यात ७२, ८४, ९६, ७८ असे चढउतार होते आणि त्याच्या शेजारच्या, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० होते. अकरा रुग्ण आणि अकरा वेळा वीस. त्यांत चौदा नंबरचा तरुणही होता, जो पाऊण तासापूर्वीच सोनोग्राफीला गेला होता. त्याच्या नावापुढचे तापमानाचे आणि नाडीचे रकाने प्रामाणिकपणे मोकळे होते. श्वासाचा तेवढा भरलेला होता.

मी चिडले आणि चिडल्यावर माझा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. "अगं, रिकाम्या खाटेचा श्वाससुद्धा वीस आहे का?" असे मी म्हटले तेव्हा भिंतीकडच्या खाटेवरचा कोणी नातेवाईक हसला. मुलीची मान खाली गेली. ती नंदुरबारकडची, बोलायला मुळातच बुजरी, बाराव्या इयत्तेपर्यंत घरापासून दूर न राहिलेली. मी तिला बरोबर घेऊन एकेका खाटेपाशी पुन्हा मोजायला निघाले. नऊ नंबरवर एक आजोबा होते. अडकलेल्या हर्नियाचे ऑपरेशन होऊन त्यांना तिसरा दिवस लागला होता. ते उशीला टेकून शांत पडले होते, हाक मारल्यावर हसले, "बरंय बाई" म्हणाले. त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून मी पूर्ण मिनिटभर त्यांच्या सदऱ्याच्या वरून दुसऱ्या गुंडीकडे पाहत राहिले. अठ्ठावीस आले. मी मुलीकडे वळले तेव्हा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझेपण अठ्ठावीसच आले होते."

"मग वीस का लिहिलेस?"

"पेपरवर आधीच्या सगळ्या वीसच होत्या. मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं."

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. मी हाऊसमन डॉक्टरांना बोलावले, त्यांनी आजोबांना बसते करून पाठीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे खालच्या बाजूला हवा कमी शिरत असल्याचे सांगितले आणि एक्स-रे लिहून दिला. टाक्यांच्या दुखण्याने आजोबा दोन दिवस खोल श्वासच घेत नव्हते आणि खोकला दाबत होते, ही गोष्ट पोटाच्या ऑपरेशननंतर इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी पाठ्यपुस्तकात वेगळे प्रकरण असते. संध्याकाळी ताप चढला. औषधे बदलली, श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचे यंत्र आले, पोटावर उशी दाबून खोकायला शिकवणे झाले आणि दहाव्या दिवशी आजोबा सुनेच्या हाताला धरून घरी गेले. यात आम्ही कोणाला वाचवले वगैरे काही नाही. डॉक्टर संध्याकाळच्या फेरीत त्यांच्यापर्यंत पोहोचलेच असते आणि तापाने स्वतःहून वर्दी दिली असती. मला पुढे कितीतरी दिवस बोचत राहिले ते त्या मुलीचे उत्तर. तिला मोजता येत नव्हते म्हणून मी रागावले होते आणि तिला तर मोजता येत होते.

नाडी, तापमान, रक्तदाब यांच्या पंगतीत श्वास हा नेहमीच गरीब पाहुण्यासारखा बसतो. बाकीच्यांना काहीतरी उपकरण मिळाले आहे. थर्मामीटर बीप करतो, रक्तदाबाचा पट्टा स्वतःच फुगतो आणि उतरतो, ऑक्सिमीटरचा चिमटा बोटाला लावला की आकडा लाल अक्षरांत उजळतो. श्वासाला मात्र सामान्य वॉर्डात आजही सेकंदकाट्याचे घड्याळ आणि कोणाची तरी दोन डोळ्यांची मिनिटभर हजेरी लागते. शिवाय तो लाजाळू असतो. "आता तुमचा श्वास मोजते हं," असे म्हटले की माणूस लगेच छाती भरून श्वास घेऊ लागतो, लय बदलतो, काही जण तर अदबीने रोखूनच धरतात. म्हणून पूर्वापार चालत आलेली एक लबाडी आम्ही शिकवतो. नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटे उचलायची नाहीत, रुग्णाला वाटू द्यायचे की अजून नाडीच चालली आहे आणि नजर तेवढी छातीकडे किंवा पोटाकडे न्यायची. वर गेलेली आणि खाली आलेली चादर मिळून एक श्वास. सगळ्या परिचर्येत रुग्णाशी खोटेपणा करायला आम्ही अधिकृतपणे शिकवतो असे हे बहुधा एकच ठिकाण असेल.

वास्तविक बिघाडाची चाहूल बहुतेक वेळा इथेच आधी लागते. फुप्फुसात हवा कमी पोहोचू लागली, रक्तात आम्ल वाढले, कुठे जंतुसंसर्ग पेटू लागला की मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र पहिल्यांदा श्वासाची गती वाढवते. त्या वाढीव मेहनतीच्या जोरावर माणूस बराच वेळ वरून ठीक दिसत राहतो. आजोबांच्या बोटाला चिमटा लावला तेव्हा ९५ आले होते आणि हाऊसमन क्षणभर निर्धास्त झाले होते. पण ते पंच्याण्णव टिकवण्यासाठी आजोबा काय किंमत मोजत होते, हे चिमटा सांगत नाही. ते अठ्ठावीस सांगते. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० हे आज सगळीकडे धरले जाते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून रुग्णाची प्रकृती ढासळते आहे का हे ओळखण्यासाठी जो गुणांचा तक्ता वापरात आला, त्यात श्वास २५ किंवा त्याहून वर गेला की त्या एकट्या गोष्टीला सगळ्यांत जास्त म्हणजे ३ गुण पडतात. आमच्या वहीत त्याला एक अरुंद रकाना आहे, तोही समासाला चिकटलेला.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, गल्लोगल्ली लोक एकमेकांना फोन करून ऑक्सिजनचा आकडा विचारत होते. ९४ हा आकडा तेव्हा किराणा दुकानदारालाही पाठ होता. सरकारी मार्गदर्शक सूचनांच्या त्याच कागदावर, त्याच चौकटीत, मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास हीसुद्धा मध्यम आजाराची खूण म्हणून छापलेली होती आणि तिला एक पैसा खर्च नव्हता. माझ्या ओळखीत एकाही घरात कोणी कोणाचा श्वास मोजला नाही. आमच्या घरातही नाही, हे लिहायला हवे. मीही मेडिकलच्या दुकानासमोर चिमट्यासाठी रांगेतच उभी होते.

वह्या तपासता तपासता एक गोष्ट ध्यानात येते. श्वासाचे आकडे जवळजवळ नेहमी सम असतात. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केली की विषम आकडा येऊच शकत नाही आणि पंधरा सेकंद मोजून चौपट केली की १६, २०, २४ एवढेच उरतात. त्यामुळे एखाद्या वहीत कुठे १७ किंवा २३ दिसला की कोणीतरी त्या खाटेपाशी सबंध मिनिट उभे राहिले होते, एवढे तरी नक्की कळते. असा आकडा वर्षात क्वचितच दिसतो आणि दिसला की पुढ्यातला चहा गोड लागतो.

माझ्या स्वतःच्या वहीत तो कितीदा होता, हे मला विचारू नये. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला असताना स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात माझी रात्रपाळी होती. पावसाळ्याचे दिवस, खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या, टेबलावरच्या एकाच दिव्याभोवती पाखरे. पहाटे पाच वाजता मी त्या दिव्याखाली बसून निळ्या बॉलपेनने श्वासाचा रकाना भरत होते. वीस, वीस, वीस, अधूनमधून शंका नको म्हणून अठरा. दाराजवळच्या खाटेवर पस्तिशीची एक बाई होती, आदल्या संध्याकाळी उलट्या आणि पोटदुखी म्हणून दाखल झालेली. ती घोरल्यासारखी खोल, लयीत श्वास घेत होती आणि तिला बिचारीला एकदाची गाढ झोप लागली म्हणून मला बरे वाटले होते. खाटेजवळ एक गोडसर, उतरलेल्या केळ्यांसारखा वास होता; तो मी नातेवाइकांच्या पिशवीवर ढकलला होता. फेरीला आलेल्या रात्रीच्या परिसेविका दारातच थांबल्या. दिवा लावला नाही, वही मागितली नाही. नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही झोपलेली नाही गं. ही धावते आहे."

तिला मधुमेह होता आणि ते तिलाही माहीत नव्हते. रक्तात साचलेले आम्ल ती कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर फेकत होती, जितके फेकता येईल तितके, रात्रभर. या श्वासाला कुसमॉल या जर्मन डॉक्टरचे नाव आहे आणि त्याने त्याचे वर्णन १८७४ साली केले, हे मी त्याआधी परीक्षेत लिहून त्याचे गुणही घेतले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर मला पाठ होते तो माझ्यापासून दहा हातांवर झोपून होता आणि मी त्याला वीस लिहिले होते. डॉक्टर आले, सलाईन धावले, इन्शुलिन सुरू झाले. सातच्या सुमारास गडबड ओसरल्यावर परिसेविकांनी मला त्या खाटेपाशी बोलावले. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "घड्याळ बघ, आणि तिच्याबरोबर श्वास घे. तिचा आत, तुझा आत. एक मिनिट." मी सुरू केले. दहा-बारा श्वासांतच घसा कोरडा पडला, वीसच्या पुढे ओठांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले आणि खाटेचा लोखंडी दांडा धरावा लागला. मिनिट संपले तेव्हा चौतीस झाले होते. ती बाई ते कित्येक तास करत होती.

वहीत खोडाखोड चालत नसे, आजही चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तो वाचता येईल असा ठेवायचा, बाजूला बरोबर आकडा आणि स्वतःची सही. माझी ती रेघ थोडी वाकडी आली होती. बाई बरी होऊन घरी गेली. परिसेविका त्या प्रसंगाबद्दल पुन्हा कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला तेव्हा मोठेपणाचे वाटले होते; आता वाटते, वॉर्डासमोर त्या मुलीवर ओरडताना मला त्यांची आठवण दहा मिनिटे आधी यायला हवी होती.

कधी कधी मी मुलींना गडचिरोलीची गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या सुइणींना आणि आरोग्य कार्यकर्त्यांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा अधिक झाला की धोका, हा त्यामागचा हिशेब आजही जगभर तसाच आहे. पण अक्षरओळख नसलेल्या बाईने पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजायचे कसे? त्यासाठी एक साधे साधन तयार केले गेले, त्यात वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्याच्या पुढे जावे लागले तर औषध सुरू करायचे. त्या बायकांकडे नव्हते ते सगळे माझ्या विद्यार्थिनींकडे आहे, फक्त त्या बायकांच्या हातात आधीच्या पाळीत कोणीतरी वीस लिहिलेला कागद नव्हता. झोपडीच्या अंधारात बाळाच्या पोटावरचे फडके वर करून जे दिसेल ते त्यांना पाहावेच लागत होते.

आता थोडे आमच्या बाजूने. आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि रुग्ण बहुधा त्याहून जास्त असतात. सकाळी दोन, फार तर तीन सिस्टर, रात्री एक. एका रुग्णाचा श्वास नीट मोजायला एक मिनिट, म्हणजे चाळीस रुग्णांना चाळीस मिनिटे आणि तीही नुसत्या श्वासाची. त्यात एका खाटेवरून दुसरीकडे जाणे, "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून मारलेली हाक, कोणाची लघवीची पिशवी, कोणाचा केस पेपर सापडत नाही, कोणाचा मुलगा आत येऊन भांडतो, हे धरलेले नाही. सहाची इंजेक्शने साडेसहाला गेली तर जाब विचारला जातो. वीस लिहिल्याबद्दल आजवर कोणालाही जाब विचारल्याचे मी पाहिलेले नाही. तेव्हा तो आकडा केवळ आळसातून येतो असे म्हणण्याची माझी छाती नाही. कित्येकदा तो थकलेल्या बाईने वेळेशी केलेला मुकाट सौदा असतो. पण तिने सौद्यात दिलेली वस्तू तिची नसते, हे मला दिसते आणि तरीही तिच्या जागी मी उभी असते तर काय केले असते हेही मला ठाऊक आहे, कारण मी ते केले आहे.

हे सगळे डोक्यात घोळत असताना पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिकाची अंतर्गत परीक्षा आली. परिचर्येची मूलभूत कामे शिकवायच्या आमच्या फाउंडेशनच्या लॅबमध्ये एक रबरी बाहुली आहे, पुरुषभर उंचीची, डोळे अर्धे उघडे, डाव्या दंडावर इंजेक्शनच्या सरावाने पडलेली चाळण. तिला आंघोळ घालतात, तिच्याखालची चादर बदलून कोपरे दुमडतात, तिच्या नाकातून नळी घालतात. मुली एकामागून एक येत होत्या, हात धूत होत्या, बाहुलीला नमस्कार करून "काका, मी तुमची तपासणी करणार आहे" असे सांगत होत्या. मी तपासणीची यादी हातात घेऊन खुणा करत होते. तिसऱ्या की चौथ्या मुलीने बाहुलीचे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले, काही क्षण थांबून खणखणीत आवाजात सांगितले, "रेस्पिरेशन ट्वेंटी पर मिनिट, रेग्युलर," आणि मी यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

पेन कागदावरच थांबले. गेली कितीतरी वर्षे, दर बॅचला, मी ही खूण करत आले होते. ज्या छातीत रबराखेरीज काही नाही, तिच्याकडे पाहून वीस म्हणणाऱ्या मुलीला मी गुण देत होते आणि जिने "मॅडम, ही श्वास घेत नाही" असे सांगितले असते तिला कदाचित आगाऊ म्हटले असते. चौदा नंबरच्या रिकाम्या खाटेवरचा वीस कुठून आला होता, ते मी वॉर्डात शोधत होते.

यादीतली ती ओळ त्या वर्षापासून बाहुलीवर घ्यायची नाही, असे मी विभागात सांगितले. ती परीक्षा आता मुली एकमेकींवर देतात. एकीने टेबलावर निजायचे, दुसरीने मोजायचे, मी दुसऱ्या बाजूला उभी राहून मोजायचे आणि आकडे चिठ्ठीवर लिहून मगच उघडायचे. निजलेली मुलगी हसते, लय बिघडते, पुन्हा सुरुवात होते. एका तासात जिथे बाराजणी व्हायच्या तिथे पाचच होतात. सहकारी वैतागतात आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती नंदुरबारची मुलगी पुन्हा सर्जरी वॉर्डात होती. तिच्याशी त्या दिवसाबद्दल मी बोलले नव्हते. दोनदा बोलायचे ठरवले आणि दोन्ही वेळा दुसरेच काहीतरी विचारून गप्प बसले. सकाळची वेळ, फिनाईलचा तोच ओला वास. मी तिची वही उचलली. श्वासाच्या रकान्यात १७, २२, १९, १६, २३ असे आकडे होते आणि त्यांच्या खाली, सहाव्या ओळीत, एक २० होता. मी थोडा वेळ त्या वीसकडे पाहत राहिले. मग वही मिटून त्या खाटेपाशी गेले, ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनचा एक मुलगा होता, त्याच्या मनगटावर बोटे ठेवली आणि नजर चादरीकडे नेली. काटा बारावरून निघाला. समोरच्या खाटेपाशी ती हातात ट्रे धरून थांबली होती. मी काय करते आहे हे तिला कळले होते आणि तिलाही बहुधा मोजल्यावाचून राहवत नव्हते, कारण तिचे ओठ हलत होते. सतरा, अठरा, एकोणीस. काटा अकराच्या पुढे सरकला आणि चादर पुन्हा एकदा वर आली.